गळती तपासणाऱ्या बाई

"आता कोणी काही बोलू नका," असं म्हणून बाई उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायच्या, डाव्या हाताची बोटं टेबलावरच्या एका बटणावर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. ते बोट वर असेपर्यंत खोलीत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मी पडलो नाटकवाला. गप्प बसायला सांगितलं की मला खोकला येतो, हा माझा जुना आजार. पहिल्याच बैठकीला तो आला. बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "झालं? का अजून एक अंक बाकी आहे?"

तेव्हापासून मी त्यांच्या घरी जाताना खिशात खडीसाखर ठेवायला लागलो.

तुम्हाला वाटेल, बाई ध्यानाचे वर्ग घेत असतील. नाही. बाई रिंग मॉड्युलेटर तपासत असत. घाबरू नका, हे काय असतं ते मलाही पन्नाशी जवळ आल्यावरच कळलं. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे आवाज तयार करणारं एक कपाट समजा. त्याला खण असतात, प्रत्येक खणाचं काम वेगळं, आणि खण एकमेकांना वायरींनी जोडायचे. लांबून पाहिलं तर इलेक्ट्रिशियन काम अर्धवट टाकून जेवायला गेलाय असं वाटतं. रिंग मॉड्युलेटर हा त्यातलाच एक खण. माणसाच्या आवाजाचं तो भलतंच काहीतरी करून टाकतो.

मला तो हवा होता राक्षसासाठी.

मी नाटकांना आवाज देतो. म्हणजे पडद्यामागे बसून पाऊस पाडतो, गाड्या थांबवतो, दारं वाजवतो. त्या वर्षी आमचं एक बालनाट्य होतं. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि तिच्यात राहणारा राक्षस. दिग्दर्शकानं मला सांगितलं, "आवाज माणसाचा वाटता कामा नये, यंत्राचाही वाटता कामा नये. बाकी तू बघ." या 'बाकी तू बघ'मध्ये माझं अर्धं आयुष्य गेलेलं आहे.

माझ्या वरच्या मजल्यावर पंकज नावाचा मुलगा भाड्यानं राहतो. मूळचा अमरावतीचा, हिंजवडीला नोकरीला. कंपनीच्या बसमधून उतरला की रोज काहीतरी पुडकं घेऊन जिना चढताना दिसायचा. त्याला राक्षसाची अडचण सांगितली तर तो जिन्यातच उभा राहिला. "काका, रिंग मॉड्युलेटर लावा ना! आवाज असा येते की पोट्टे रात्रभर झोपणार नाहीत."

"मिळतो कुठे?"

"पन्नास प्रकारचे मिळतात. नेटवर कम्पॅरिझन वाचा."

मी वाचलं. एकाचा आवाज म्हणे उबदार, दुसऱ्याचा स्वच्छ, तिसऱ्याचा आक्रमक, चौथ्याचा मखमली. तासाभरानं मला राक्षस घ्यायचाय की गादी, तेच कळेनासं झालं. मी पंकजला शरण गेलो. तो म्हणाला, "मग वारज्याच्या बाईलेच विचारा. त्या पास म्हणाल्या तरच आम्ही पास समजतो."

वारज्याला तिसऱ्या मजल्यावर बाईंचा फ्लॅट. दार त्यांनी उघडलं ते हातात सोल्डरिंगची बंदूक घेऊनच. कॉटनची साडी, पदर खोचलेला, चष्म्यावर आणखी एक भिंग अडकवलेलं. सदुसष्ट वर्षांच्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी वयापेक्षा बंदुकीकडे लक्ष होतं.

"कशासाठी हवाय?"

"राक्षसासाठी."

कपाळावर एक आठी नाही. "बोलतो किती?"

"बराच बोलतो. दुसऱ्या अंकात तर त्याचं भाषणच—"

"आणि गप्प किती वेळ असतो?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. दिग्दर्शकानं नाही, लेखकानंही नाही. "मोजलं नाही," मी म्हणालो.

"मोजून या," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

बघा, अपमान झाल्यावर माणसं दोन प्रकारची होतात. एक परत जात नाहीत. दुसरी मोजायला बसतात. मी तालमीत घड्याळ लावून बसलो. राक्षस चार मिनिटं बोलत होता आणि अकरा मिनिटं टाकीत लपून गप्प बसलेला होता. पुढच्या रविवारी जाऊन सांगितलं. बाईंनी मान हलवली, आणि पहिल्यांदाच आत या म्हणाल्या.

"मग गळणारा चालणार नाही तुम्हाला. राक्षस टाकीत लपलाय आणि टाकी गुणगुणतेय. मुलं हसतील."

मग त्यांनी मला समजावलं. यंत्राला दोन तोंडं असतात. एकात तुमचा आवाज जातो, दुसऱ्यात एक स्थिर सूर. बाहेर त्या दोघांची बेरीज येते आणि वजाबाकी येते. ते दोघे स्वतः मात्र बाहेर येत नाहीत.

"मग जातात कुठे?" मी विचारलं.

"लग्न झालेल्या माणसानं हे विचारावं?" बाई म्हणाल्या.

तर मुद्दा असा की तुम्ही बोलत नसाल तेव्हा बाहेर काहीच यायला नको. पण यंत्र कच्चं असेल तर आतला स्थिर सूर हळूच पाझरत राहतो. त्याला बाई गळती म्हणायच्या. "बोलताना सगळेच चांगले असतात," त्या म्हणायच्या. "गप्प असताना काय करतो ते बघायचं." हे त्या यंत्राबद्दल बोलत होत्या, हे मी स्वतःला पुनःपुन्हा बजावत असे. कारण त्या वेळी त्या माझ्याकडे बघत.

त्यांना हे सगळं यायचं कसं? तर बाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती. बोर्डापाशी बसून 'नंबर प्लीज' म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मागच्या बाजूला, जिथे गावोगावच्या तारा येऊन मिळतात, तिथल्या यंत्रांच्या खोलीत. एका तारेवरून पुष्कळ माणसं एकाच वेळी बोलायची आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही. ते काम करणारं यंत्र म्हणजे चार डायोड आणि दोन कॉइली. तेच हे. हिंजवडीची मुलं ज्याची छायाचित्रं काढून एकमेकांना पाठवतात ते यंत्र बाईंनी शेकड्यांनी दुरुस्त केलं होतं. "आम्ही याला यंत्रसुद्धा म्हणत नव्हतो," त्या सांगायच्या. "मांडणीत सरकवायची पानं म्हणायचो. पान बदला. झालं."

एक तार दुसरीत पाझरली तर काय होतं, याची त्यांची एक गोष्ट होती. सातारच्या कुणाची फोनवर लग्नाची बोलणी चालली होती, आणि मध्येच तिसराच आवाज आला, "मुलगी देऊ नका, मी त्याला ओळखतो." गोष्ट खरी की बाईंनी रचलेली, हे मी कधी विचारलं नाही. त्या सांगताना हसायच्या नाहीत, एवढंच.

दर एका रविवाराआड सकाळी दहाला त्यांच्या हॉलमध्ये तपासणी भरायची. येणारे ठरलेले तिघं. पंकज, कोथरूडचे एक दातांचे डॉक्टर, आणि मी. डॉक्टरांकडे भिंतभर सिंथेसायझर होता. बाकी कोणी कोणी यायचे, आपापल्या यंत्राचा डबा तपासून घ्यायचे, जायचे. चपला बाहेर, मोबाइल बंद. मग पंखा बंद. मग फ्रिज बंद. मे महिन्यातसुद्धा. घाम टिपायचा तर रुमालाचा आवाज होता कामा नये. बाई यंत्राच्या एका तोंडाला काही जोडायच्या नाहीत, दुसऱ्याला सुराची पेटी, म्हणजे बटण फिरवून सूर चढवायचं विजेचं यंत्र, जोडायच्या, बोट वर करायच्या आणि सूर अगदी खालून वर, खर्जापासून किंचाळीपर्यंत, सावकाश चढवत न्यायच्या. समोर काहीही ऐकू येत नसे. काहीही ऐकू येत नाही, हे पाच मिनिटं ऐकायला आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचो.

निकाल एका जाड वहीत लिहिला जायचा. पास, नापास, आणि तिसरा शेरा 'लपवतो'. काही महागडी यंत्रं तुम्ही गप्प बसलात की स्वतःचं तोंड दाबून धरतात, आणि तुम्ही बोलायला लागलात की गळती तुमच्या आवाजाआडून बाहेर येते. बाईंना नापासापेक्षा या जातीचा राग होता. डॉक्टरांनी एकदा परदेशातून एक यंत्र मागवलं. लाकडी पेटी, आत मखमल, वर प्रमाणपत्र. बाईंनी पाच मिनिटांत 'लपवतो' लिहिलं.

"अहो बाई, यावर जगभरचे लोक व्हिडिओ करतात!" डॉक्टर कळवळले.

"करू देत. व्हिडिओत कोणी गप्प बसतं का?"

माझ्या राक्षसासाठी त्यांनी सहा यंत्रं ऐकली, सहाही बाजूला ठेवली आणि कपाटातून मिठाईचा एक पत्र्याचा डबा काढला. आत चार डायोड, दोन कॉइली. त्यांनी स्वतः जोडलेलं. ते वहीत कुठेच नव्हतं. का नाही विचारलं तर म्हणाल्या, "आपल्या पोराचा पेपर आपण तपासत नसतो." पहिल्या प्रयोगाला त्या माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत बसल्या. राक्षस बोलला तेव्हा मुलांनी आनंदानं किंकाळ्या फोडल्या. मग तो टाकीत लपला आणि थिएटर गप्प झालं. इतकं गप्प की तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारणीला हळूच विचारलेलं आमच्यापर्यंत आलं. "गेला का गं?"

बाईंनी माझ्या कोपराला ढोसलं. "तेच," त्या म्हणाल्या. "तेच हवं होतं."

सोसायटीला हे सगळं तितकंसं पटलं नव्हतं. यंत्र पास झालं की आम्ही ते दहा मिनिटं बोलून बघायचो, आणि डॉक्टरांना त्यात आरत्या म्हणायची हौस होती. एका सोमवारी खाली फळ्यावर सेक्रेटरींची सूचना लागली. 'तिसऱ्या मजल्यावरून रविवारी येणारा आवाज जनावराचा असल्यास पाळण्याची परवानगी घ्यावी. माणसाचा असल्यास डॉक्टर बोलवावा.' त्याखाली बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आवाज डॉक्टरांचाच आहे. आस्थेबद्दल आभार.'

आता ज्या रविवारबद्दल सांगायचं आहे, त्याकडे येतो.

पंकजनं आठ महिने खपून स्वतःचं यंत्र बनवलं. डायोड दोनशे मागवून त्यातून एकसारखे चार निवडले. चार! आमच्याकडे मुली पाहायला गेलेल्या मुलांनीसुद्धा एवढी निवड केलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशी डॉक्टर लग्नाला गेले होते, बाकीही कोणी आलं नव्हतं. बाई, पंकज आणि मी. पंखा बंद झाला, फ्रिज बंद झाला, बोट वर गेलं. सूर चढायला लागला. खर्ज साफ. मधला पट्टा साफ. पंकजच्या कपाळावर घामाचा थेंब लोंबत होता.

आणि मग अगदी वर, कानाशी डास यावा तसा, आवाज आला.

पंकजनं माझ्याकडे पाहिलं. मी पंकजकडे पाहिलं. बाईंनी बटण आणखी फिरवलं. डास मोठा झाला, दोन झाले, थवा झाला. मी दात आवळून धरले. बाईंचा चेहरा मात्र शांत, डोळे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटत चाललेलं.

त्यांनी डोळे उघडले. "स्वच्छ," त्या म्हणाल्या. "पोरा, पास!"

आठ महिने ज्या शब्दासाठी घालवले तो मिळाला, आणि पंकजला तो घेता येईना. तो बाईंच्या पाया पडला. माझ्या मते चेहरा लपवायला.

जिन्यात तो म्हणाला, "काका, बाईले ऐकूच नाही आलं."

"हो."

"सांगावं लागते ना."

"सांग मग."

"मी कसा सांगू? तुमचं वय झालं, तुम्ही सांगा."

"माझं वय झालं म्हणूनच नाही सांगणार," मी म्हणालो.

तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं ते मनाशी ठरवा, मी थांबतो. बाईंचे यजमान जाऊन सात वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. गुडघे दुखायचे, बाहेर जाणं तुटलेलं. पण रविवारी त्यांचं दार वाजायचं, आणि दारात कोणीतरी डबा घेऊन अदबीनं उभं असायचं. ते डबे त्यांच्या कानाकडे येत होते. कान गेला हे कळलं असतं तर डबे आले नसते, आणि आलेच असते तर बाईंनीच परत पाठवले असते. एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. आम्ही गप्प बसायचं ठरवलं. हे ठरवताना बाईंचं ते गप्प असणाऱ्यांबद्दलचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. पण आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीत चहाची ऑर्डर दिली आणि विषय बदलला.

मग सुरू झालं आमचं कारस्थान. तपासायला येणारे डबे आदल्या दिवशी पंकजकडे जमवायचे. 'नोंदणी करून ठेवतो' असं सांगून. वरच्या पट्टीत जे गळतील ते पंकज दुरुस्त करायचा, नाहीतर काहीतरी सबब सांगून मालकाला परत करायचा. रविवारी बाईंसमोर जायचे ते फक्त निर्दोष. बाई पास म्हणायच्या, आणि ते खरंच पास असायचे. यात खोटं कुठे होतं, असं आम्ही एकमेकांना दर तपासणीनंतर विचारायचो.

पाच महिने हे सुरळीत चाललं. एके दिवशी बाईंनी वहीची पानं उलटली आणि म्हणाल्या, "हल्ली सगळेच पास होतायत. जग सुधारलं की मी बिघडले?"

बाहेर पडल्यावर मी पंकजला म्हणालो, "एखादा नापास करावा लागेल."

"नापास कुठून आणू?"

"करू तयार."

डॉक्टरांचं एक चांगलं यंत्र बटण बदलायला पंकजकडे आलं होतं. आत तोल साधायचा एक बारीक स्क्रू असतो. तो मी माझ्या हातानं फिरवला. पाऊण फेरा. नाटकात खून करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आमचा दिवेवाला जो प्रकाश पाडतो, तो त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर पडायला हवा होता.

रविवारी यंत्र खर्जातच घुमायला लागलं. बाईंचं बोट खाली आलं आणि चेहरा उजळला. "नापास! अहो, हा तर बैल आहे बैल!" त्यांनी आपण होऊन आलेपाक वाटला. त्या इतक्या खूश होत्या की मला वाटलं, झालं, निभावलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र, दाढ काढावी लागेल असं ते रोज ज्यांना सांगत त्या सगळ्यांसारखा झाला. "दुरुस्त होईल का हो बाई?" त्यांनी केविलवाणं विचारलं.

"ठेवून जा," बाई म्हणाल्या.

हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं.

बुधवारी फोन आला. "या. पंकजला घेऊन या. आणि स्क्रूड्रायव्हर आणा. ज्यानं फिरवलात तोच."

आम्ही गेलो तेव्हा यंत्र टेबलावर उघडं पडलं होतं. बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. स्क्रूच्या डोक्यावर लाल लाखेचा ठिपका होता, मधोमध तडकलेला.

"तोल साधला की कारखान्यात हा ठिपका लावतात," बाई म्हणाल्या. "लावला की कोणी हात लावायचा नाही. तडा ताजा आहे. कडा बघा, अजून चमकतात."

"रस्त्यात हादरे बसले असतील," मी म्हणालो. "वारज्याचे खड्डे म्हणजे—"

"खड्डे स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरतात?"

नाटकात मी शंभर वेळा पाहिलंय, खोटं पकडल्यावर नट एक पाऊल मागे जातो. मीही गेलो, आणि फ्रिजवर आपटलो. पंकज मात्र पुढे झाला. "बाई, तुम्हाले वरचं ऐकू येत नाही. माझं मॉड्यूल गळत होतं. तुम्ही पास म्हणाल्या. आम्ही सांगितलं नाही." आणि मग त्यानं भडाभडा सगळंच सांगून टाकलं. शनिवारची तपासणी, परत केलेले डबे, पाऊण फेरा.

बाईंनी भिंग माझ्या हातातून काढून घेतलं. "म्हणजे मी डोळे मिटून पास म्हणत होते, आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतात."

मी आणलेला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

त्या उठल्या. सुराची पेटी काढली, हेडफोन डोक्याला लावला आणि पाठमोऱ्या बसल्या. "पंकज, सूर चढव. ऐकू येतोय तोवर माझा हात वर राहील. पडला की पेटीवरचा कंपनांचा आकडा सांग. आणि खरा सांग. आवाज वाढवायचा नाही." पंकजनं सूर चढवला. हजार. दोन हजार. अडीच. हात वर होता. तीन हजार. बांगड्या किंचित हलल्या. तीन हजार तीनशेला हात खाली आला. त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तिथेच.

हेडफोन काढून बाई वळल्या, आणि त्या हसत होत्या. "अहो, टेलिफोनच्या लाइनला तीनशे ते तीन हजार चारशे एवढंच लागतं. त्याच्या वरचं आम्ही कापूनच टाकायचो. माझा कान बघा, खात्याच्या मापाला बरोब्बर उतरलाय."

आम्हीही हसलो. त्या थांबल्या तेव्हा आम्हाला थांबायला जरा उशीर झाला.

"कानाचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "कानाला वय आहे. पण वहीत खोटं गेलं, आणि ते मी लिहिलं. माझ्या अक्षरात."

"ती पानं फाडून टाकू या," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा फ्रिजला टेकलो. "फाडायचं नाही. खोडायचं नाही. लाल रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, आणि सही. ज्यानं केलं त्याची." आम्ही आधी चाळलेल्या धरून अकरा नोंदी निघाल्या. पंकजच्या यंत्राच्या नोंदीवर त्यांनी स्वतः रेघ मारली आणि लिहिलं, 'ऐकू आले नाही.' खाली सही, पूर्ण नावानं. मग पेन माझ्याकडे आलं.

मी कारणाच्या जागी लिहिलं, 'प्रेमापोटी'.

बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. "हे कारण नाही. 'माहिती लपवली' असं लिहा."

मी लिहिलं. दहा वेळा लिहिलं. दहाव्या सहीनंतर त्या म्हणाल्या, "पहिलं वाचता येतंय अजून. राहू दे." आणि चहा टाकायला आत गेल्या.

डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला. काय बोलल्या कोण जाणे, डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी छाती फुगवून आले. नवा नियम झाला होता. तीन हजारापर्यंत बाई ऐकणार, वर डॉक्टर. वहीत दोघांच्या सह्या. "त्यांना किंकाळ्या ऐकायची सवय आहे," बाई म्हणाल्या. पंकजच्या यंत्राची फेरतपासणी झाली. वरचा पट्टा दुरुस्त करायला त्याला आणखी दोन महिने लागले. या वेळी पास म्हटल्यावर तो पाया पडला नाही, नुसता सोफ्यावर बसला आणि रडला.

डबे येत राहिले. उलट जास्तच येऊ लागले, कारण दोन सह्यांचा निकाल कोणाला नको असतो?

या दिवाळीनंतर बाई सांगलीला बहिणीकडे राहायला गेल्या. गुडघ्यांना तिसरा मजला झेपेना, आणि बहिणीचं घर बैठं. जायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सामान उतरवायला होतो. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. काच वर होती. गाडी सुरू झाली आणि आतून बाई आमच्याकडे बघून काहीतरी बोलायला लागल्या. चांगलं दोन-तीन वाक्यं बोलल्या. मी छातीवर हात ठेवला. पंकजनं मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "हो हो, नक्की!"

काच खाली आली. "काय म्हणाले मी?"

"फोन करत जा, म्हणाल्या," पंकज म्हणाला.

"तब्येतीला जपा," डॉक्टर म्हणाले.

मी म्हणालो, "नाटकाला नक्की येईन, असं..."

"मी एक शब्दही बोलले नाही," बाई म्हणाल्या. "नुसते ओठ हलवत होते. सुधारला नाहीत अजून!" आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की पहिल्या मजल्यावर सेक्रेटरींची खिडकी उघडली.

काच वर गेली. गाडी फाटकातून वळताना आत बाईंचे ओठ पुन्हा हलले. या खेपेला त्या खरंच काहीतरी म्हणाल्या असाव्यात. आम्ही तिघं माना ताठ ठेवून उभे राहिलो.